धोतर नेसायला धीर लागतो

वीकएंडला वर्ध्याला गेलो की मी धोतर नेसतो. घरात नव्हे, घराबाहेर! बाजारात, एटीएमच्या लाइनमध्ये, सगळीकडे.

मित्र म्हणतात, "लाज नाही वाटत का बे?" वाटायची ना! गंमत बघा, लग्नात इलॅस्टिकवालं धोतर चढवून फोटो काढले तर चालतात. साध्या मंगळवारी नेसलं की लगेच, "काहून रे बाबू, कोणाचं लगन हाय?"

आमचे आबाजी जन्मभर धोतरच नेसले. शेतात, तहसीलीत, बँकेतही. पण शेवटी शेवटी नागपूरला दवाखान्यात जायचं असलं की विचारायचे, "पायजमा घालू का?" त्यांना कोणी काही बोललं नव्हतं. तरी हा प्रश्न कुठून आला असेल? तो अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

या विषयातला एक एक्स्पर्ट आमच्याच जिल्ह्यात राहून गेलाय. सेवाग्राम म्हटलं की पंचा नेसलेले गांधीजीच आठवतात. पण त्यांनाही ते एका दिवसात जमलं नव्हतं, बरं का. आधी बंगालमध्ये बारिसालला असताना विचार आला, पण धीर झाला नाही. शेवटी २२ सप्टेंबर १९२१ ला मदुराईत त्यांनी ते केलं. आणि जाहीर काय केलं? निदान ३१ ऑक्टोबरपर्यंत! आपल्या भाषेत ट्रायल व्हर्जन. पुढे १९३१ मध्ये त्याच वेषात ते बकिंगहॅम पॅलेसमध्ये राजाला भेटून आले.

तिकडे स्कॉटलंडमध्ये किल्टवर १७४६ मध्ये चक्क कायद्याने बंदी आली होती, ती १७८२ मध्ये उठली. आज तिथले लोक लग्नात किल्ट मिरवतात. आपल्या धोतरावर तर कोणी बंदीही घातली नाही. आपणच सोडलं!

मग मीही एक महिन्याचं ट्रायल ठरवलं. खादीचं धोतर आणलं, कारण गुळगुळीत कापड सुटतं. मोबाइल-पाकिटासाठी खिशाची बंडी. पहिल्या दिवशी फक्त कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत. सगळं गाव बघतंय असं वाटलं. तिसऱ्या खेपेला दुकानदाराने एवढंच विचारलं, "सुट्टे आहेत का?" तेव्हा कळलं, आधी कॉन्फिडन्स येतो आणि मग आपण नेसतो असं नसतं. उलटं असतं. आणि मे महिन्यातल्या वर्ध्याच्या उन्हात जीन्सपेक्षा धोतर किती बरं, हे तर बोनस!

एकदा बाजारात एका म्हाताऱ्या काकांनी थांबवलं. वाटलं, आता हे हसणार. ते म्हणाले, "काष्टा ढिला हाये बाबू, घट्ट खोच." बस्स. जणू मी त्यांच्यातलाच एक.

आता पुण्याचं ऑफिस बाकी आहे. शुक्रवारी कॅज्युअल कपडे चालतात. ड्रेस कोडमध्ये धोतराचं नाव नाही, म्हणजे मनाईही नाही! सध्या फक्त तीन शुक्रवार ठरवलेत. पुढचं पुढे बघू.