पसरला नाही, दुसरा आहे

महाराष्ट्र एक्सप्रेसमधून भंडारा रोडला उतरलो तेच पोटात गोळा घेऊन. "मोठेबाबांचा कॅन्सर छातीत पसरला" एवढाच निरोप होता. २०१९ मध्ये त्यांचा स्वरयंत्राचा कॅन्सर रेडिएशनने बरा झाला. चार वर्षं ठीक गेली आणि २०२३ च्या दिवाळीआधी हे.

तुमसरजवळच्या आमच्या घरात सगळ्यांनी ठरवूनच टाकलेलं. मोठी आई म्हणाली, "आता कायले तरास द्याचा त्याईले, बाबू?" मलाही वेगळं काय वाटत होतं म्हणा! पसरला म्हणजे संपलं, एवढंच आपलं मेडिकल ज्ञान.

नागपूरच्या डॉक्टरांनी दोन्ही बायॉप्सी रिपोर्ट शेजारी ठेवले. घशातला स्क्वेमस, फुप्फुसातला अ‍ॅडिनोकार्सिनोमा. पेशींची जातच वेगळी. घशातला कॅन्सर फुप्फुसात पसरूही शकतो, म्हणून हे तपासावं लागतं. पण ही जुन्याची फांदी नव्हती, स्वतंत्र दुसरा कॅन्सर होता. गाठ लहान, ऑपरेशन शक्य.

रात्री जागून वाचत बसलो (सवय!). १९५३ मध्ये डॅनली स्लॉटर नावाच्या सर्जनने (नाव बघा सर्जनचं!) तोंडाच्या कॅन्सरचे ७८३ रुग्ण तपासले. गाठीभोवतीची निरोगी दिसणारी त्वचाही आतून बिघडलेली सापडली. त्याने शब्द वापरला 'फील्ड', म्हणजे शेत. एक तण उपटलं तरी जमीन तीच. पुढे हाच विचार घसा आणि फुप्फुसापर्यंत गेला, कारण धूर काही घशाशी थांबत नाही. आमच्या भाषेत, एक बग फिक्स केला म्हणून तोच सडका कोड वापरणारी बाकीची मॉड्युल्स सुधारत नाहीत.

पहिल्या कॅन्सरनंतर बिडी सोडली की दुसऱ्याचा धोका कमी होतो. मोठेबाबांनी वर्षभर सोडली होती. मग "घसा तर बरा झाला नं" म्हणून परत सुरू. मी पुण्याहून पैसे पाठवायचो, फोनवर "बरं आहे ना?" विचारायचो. बिडीचं एकदाही विचारलं नाही. कुठल्या तोंडानं विचारणार? भंडारा-गोंदियाकडच्या कितीतरी घरांसारखं आमचंही घर तेंदूपत्त्यावर चाललं. माझी इंजिनिअरिंगची पहिली फी मोठ्या आईच्या सुपातल्या बिड्यांनीच भरली.

असो. दुसऱ्या दिवशी दोघांना समोर बसवून सांगितलं, पसरला नाही, दुसरा आहे. तीनदा सांगावं लागलं. मोठेबाबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "म्हंजे पयला खरंच बरा झाला होता?" आणि ऑपरेशनला हो म्हणाले.

संध्याकाळी ओसरीत सूप तसंच पडलेलं. ठेकेदाराचा माणूस सकाळी येणार होता. मी पंचवीस-पंचवीसच्या जुड्या बांधायला बसलो.