ब्लॉकेज नाही म्हणजे सगळं ठीक, असं नसतं

जरा मोठी पोस्ट आहे, पण आपल्या गावाबद्दलच आहे. वेळ काढून वाचा.

मोफत हृदय तपासणी शिबिराचे फ्लेक्स सध्या प्रत्येक चौकात दिसतात. शिबिरं व्हावीत, माझा विरोध नाही. पण ईसीजी काढला, रिपोर्ट नॉर्मल आला, फोटो काढला, विषय संपला, असं जे चाललंय त्यावर बोलायचंय.

आमच्या वहिनी ४८ वर्षांच्या. पाण्याची कळशी घेऊन जिना चढल्या की छातीत दाबल्यासारखं व्हायचं. अँजिओग्राफी झाली, मोठं ब्लॉकेज नाही. "टेन्शन घेऊ नका, अ‍ॅसिडिटी असेल," असं सांगून घरी पाठवलं. दुखणं मात्र थांबेना. घरातलेही म्हणायला लागले, मनाचे खेळ आहेत. वर्षभराने दुसऱ्या डॉक्टरांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "यांचं दुखणं खरं आहे. धमनी बुजलेली नाही, पण ती नीट वागत नाहीये." त्यानंतर मी या विषयाचं मिळेल ते वाचत गेलो.

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीचं आपल्या डोक्यातलं चित्र म्हणजे नळाचा पाइप. गाळ साचला, पाणी अडलं, स्टेंट टाका. पण पाइप निर्जीव असतो. धमनीला आतून जिवंत अस्तर असतं, फक्त एका पेशीच्या जाडीचं. त्याला एंडोथेलियम म्हणतात. आपण चालायला लागलो की हृदयाला जास्त रक्त लागतं. प्रवाह वाढला की त्याचं घर्षण या पेशींना जाणवतं आणि त्या नायट्रिक ऑक्साईड नावाचा वायू तयार करतात. तो काही सेकंदच टिकतो, पण तेवढ्यात धमनीच्या भिंतीतला स्नायू सैल पडतो आणि धमनी रुंदावते. रक्ताच्या गुठळ्या आत चिकटू नयेत, हेही हेच अस्तर बघतं.

हे कळलं कसं? १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीवर प्रयोग करून दाखवलं की अ‍ॅसिटिलकोलीन दिल्यावर धमनी सैल होते, पण अस्तर शाबूत असेल तरच. कापताना ते खरवडलं गेलं तर धमनी सैल होतच नाही. पुढे या शोधाबद्दल १९९८ चं नोबेल त्यांना, लुई इग्नारो आणि फेरीद मुराद यांना मिळालं. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवतात ती सॉर्बिट्रेटची गोळी स्नायूला बाहेरून हाच नायट्रिक ऑक्साईड पुरवते. म्हणजे अस्तराचं काम गोळी करते. (ती डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नका, बीपी एकदम उतरतं.)

१९८६ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी रुग्णांच्या हृदयाच्या धमन्यांतच अ‍ॅसिटिलकोलीन सोडून पाहिलं. निरोगी धमनी रुंदावली. आजारी धमनी उलट आक्रसली! म्हणजे गरज असते तेव्हाच ती दगा देते. त्यात हृदयाच्या बारीक रक्तवाहिन्या अँजिओग्राफीत दिसतच नाहीत. म्हणून काहींचा रिपोर्ट चांगला येतो आणि दुखणं राहतं. यात बायकांचं प्रमाण जास्त असतं, आणि "मनाचे खेळ" हे ऐकावं लागतं तेही बहुतेक त्यांनाच.

आता मुद्दा. हे अस्तर बिघडतं कशाने? साखर, बीपी, कोलेस्टेरॉल, हे तर आहेच. पण विडी-सिगारेटचा धूर, मग तो दुसऱ्याने सोडलेला का असेना. हवेतले सूक्ष्म कण. आणि बसून राहणं. कारण चालल्यावर जो प्रवाह वाढतो, तोच या पेशींचा व्यायाम असतो.

यातलं किती एकट्या माणसाच्या हातात आहे, सांगा. पहाटे डेपोमागे कचरा पेटतो, त्याचा धूर वहिनींनी कसा टाळायचा? सूक्ष्म कणांची, म्हणजे पीएम २.५ ची, वर्षाची सरासरी मर्यादा आपल्या देशात ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून ५ म्हणते. आपल्याकडे तर मोजायचं यंत्रच नाही. "रोज अर्धा तास चाला," डॉक्टर सांगतात. कुठे चालायचं? फूटपाथवर गाड्या आणि मैदानावर बारा महिने मंडप. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदी २००८ पासून आहे. स्टँडवर जाऊन बघा.

म्हणून वॉर्डाच्या बैठकीत मी चार गोष्टी मांडणार आहे. कचरा जाळणं बंद. हवा मोजायचं एक यंत्र. सकाळ-संध्याकाळ मैदान चालणाऱ्यांसाठी मोकळं. आणि शिबिरात ईसीजीबरोबर बीपी-साखर, तंबाखू-मिश्रीची चौकशी, आणि बायकांचं म्हणणं ऐकून घेणारा डॉक्टर.

स्टेंटसाठी योजना आहेत, असल्याच पाहिजेत. पण अस्तर शाबूत ठेवायला ऑपरेशन थिएटर लागत नाही, लागते ती स्वच्छ हवा आणि चालायला रस्ता. तो खर्च नगरपालिकेचा आहे.

आणि एक. घरातली बाई छातीत दुखतंय म्हणाली तर या पोस्टवरून निदान करू नका, मनाचे खेळही म्हणू नका. तिला दवाखान्यात न्या. पहिला रिपोर्ट चांगला आला आणि दुखणं राहिलं, तर परत न्या.

पटलं तर बैठकीला या. नुसतं लाइक नको.