बरानगरचा मोठ्या पायांचा पाहुणा

कलकत्त्याला जाणाऱ्यांची यादी ठरलेली असते. कालीघाट, दक्षिणेश्वर, व्हिक्टोरिया मेमोरियल, हावड्याचा पूल आणि परत येताना तांतची साडी नि रसगुल्ल्यांचा डबा. माझीही यादी हीच होती. फक्त आमच्या धाकट्याने तीत एक नाव घुसडले होते, भारतीय सांख्यिकी संस्था. "आकडेमोडीच्या संस्थेत पाहायचं काय?" असं ह्यांनी विचारलंसुद्धा. तर तिथे आहे लांब मानेचा डायनोसॉर!

दक्षिणेश्वरला जाताना वाटेतच, बॅरकपूर ट्रंक रोडवर, बरानगरला ही संस्था लागते. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी ती १९३१ साली काढली. १९५७ साली त्यांनी लंडनहून पामेला रॉबिन्सन या भूशास्त्रज्ञ बाईंना बोलावून घेतले आणि इथे प्राचीन प्राण्यांच्या अवशेषांचा अभ्यास सुरू झाला. एवढ्या अवाढव्य कामाचा पाया एका बाईने घातला, हे मला भारी आवडले.

हा प्राणी मूळचा बंगालचा नव्हेच. तो सापडला आपल्या गडचिरोलीला खेटून. प्राणहिता नदीच्या पश्चिमेला, आजच्या तेलंगणात, पोचमपल्ली गावाजवळ. (साड्यांचे पोचमपल्ली ते वेगळे, बरं का!) पहिली हाडे १९५८ साली दिसली आणि १९६०-६१ मध्ये सुमारे तीनशे हाडे निघाली, तीही २७६ चौरस मीटरच्या तुकड्यात. म्हणजे शहरातल्या चार-पाच बिऱ्हाडांच्या जागेत! ती किमान सहा जनावरांची होती. सोबत दगड झालेले मोठमोठे ओंडकेही होते. त्यावरून अंदाज असा, की सतरा-अठरा कोटी वर्षांपूर्वी एक अख्खा कळप पुरात सापडला आणि झाडांसकट वाहत येऊन गाळात रुतला. आजही पावसाळ्यात प्राणहिता कशी फुगते हे त्या भागातल्यांना सांगायला नको.

१९६१ हे रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचे वर्ष. म्हणून जैन, कुट्टी, रायचौधुरी आणि चटर्जी या शास्त्रज्ञांनी १९७५ साली बारसे केले ते 'बारापासॉरस टागोराय' असे. बंगालीत 'बडो पा' म्हणजे मोठा पाय. मी वर्गात हे नाव फळ्यावर लिहिले, तर एकीने लगेच विचारले, "बाई, त्याला बारा पाय होते?" मराठी कान आहेत, करणार काय!

पाय चारच, पण नाव सार्थ आहे. त्याच्या मांडीचे एकच हाड १.७ मीटर भरते. आपल्या शिवणाच्या डब्यातली टेप दीड मीटरची असते, म्हणजे ती संपली तरी हाड वीतभर उरतेच. मी पाच फूट दोन इंच. ते हाड माझ्या शेजारी उभे केले तर माझ्या डोक्याच्याही वर जाईल. तो पाय पाहून आमचा धाकटा, ज्याला घरी गप्प बसवता बसवता जीव जातो, चक्क दोन मिनिटे बोलला नाही.

सगळा प्राणी केवढा, याचे आकडे मात्र एकसारखे नाहीत. पूर्वी अठरा मीटर सांगत, आता बारा ते चौदा सांगतात, आणि वजन सात टनांच्या आसपास. याचेही कारण आहे. एकाच जनावराची सगळी हाडे कुठे मिळाली होती? सहा संचांतल्या उरलेल्या कपबश्या जुळवून एक संच मांडावा, तशातला प्रकार. कवटी तर मिळालीच नाही, फक्त सुटे दात मिळाले. या जातीच्या प्राण्यांचे डोके देहाच्या मानाने इवलेसे आणि नाजूक, ते आधी निखळून जाते. तेव्हा सांगाड्यावर दिसते ते डोके माणसाने बनवलेले.

चौदा मीटर म्हणजे दोन नऊवारी लुगडीसुद्धा नाहीत, असे मनात आले तर थांबा. मोठेपणाची ही सुरुवात होती. ह्यांच्या घराण्यात पुढे अर्जेंटिनात पॅटागोटायटन निपजला. त्याच्या सांगाड्याची प्रतिकृती २०१६ पासून न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आहे. लांबी ३७ मीटर, म्हणजे साडेचार नऊवारी! एवढे वाढणे जमले कसे? एक तर ही मंडळी चावत बसत नसत, पाला ओरबाडायचा आणि गिळायचा. चावायचे नाही म्हणून मोठा जबडा नको, जबडा नाही म्हणून डोके हलके, आणि डोके हलके म्हणून मान हवी तेवढी लांब. एका जागी उभे राहून चहूकडचा पाला खाता येतो. शिवाय पक्ष्यांसारख्या हवेच्या पिशव्या अंगात असल्याने मणके पोकळ. बारापासॉरसच्या मणक्यांत या पोकळ्यांची नुसती सुरुवात दिसते, पुढच्यांच्या मणक्यांची अगदी जाळी झाली. आणि पिल्लू? गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोलीला या घराण्याची अंडी सापडली आहेत, ती शहाळ्याच्या आतबाहेरची. त्यातून निघालेले पोर वीस-तीस वर्षांत हत्तीहून मोठे. त्याच्या आईला वाढायला काही उभे राहावे लागत नसणार, नाहीतर कठीणच होते!

जायचे असेल तर आधी संस्थेत विचारून, परवानगी घेऊन जावे. ते काही तिकीट काढून शिरायचे ठिकाण नाही. हाडांना हात लावू नये, मुलांनाही बजावून ठेवावे. आणि कलकत्ता लांब पडत असेल तर सिरोंचाची वाट धरा. ज्या खडकात हे हाडांचे घबाड मिळाले, त्याला शास्त्रज्ञ 'कोटा' म्हणतात, ते सिरोंचा तालुक्यातल्या प्राणहितेकाठच्या कोटा गावावरून. त्याच तालुक्यात वडधमला जीवाश्मांचे उद्यान आहे. तिथे दगड झालेली झाडे पाहायला मिळतात. येत्या थंडीत आम्ही तिकडेच निघालो आहोत, आणि यंदा यादी धाकट्याने केली आहे.