गोखल्यांच्या अंगणात कोळशाचा हिशेब

पुणे शहराच्या भूमीत कोळसा नाही. येथील टेकड्या अग्निजन्य काळ्या पाषाणाच्या. त्याच पाषाणाची जोती पेशवाईतील वाड्यांना आहेत आणि त्याच्याच पायऱ्या पर्वतीला. दगडी कोळसा पाहावयाचा तर सारे पठार ओलांडून वर्धा नदीच्या खोऱ्यात, चंद्रपूर जिल्ह्यात जावयास हवे. असे असता कोळशाच्या पैशाचा हिशेब समजून घेण्यासाठी आम्ही डेक्कन जिमखान्याकडे पावले वळविली, हे ऐकून वाचकांस नवल वाटेल. परंतु सरकारी जमाखर्च कसा वाचावा, ही विद्या या शहराने देशास शिकविली आहे, आणि त्या विद्येचे घर मुठेच्या पलीकडे आहे.

सकाळच्या थंड वेळी लकडी पूल ओलांडला. जिमखान्याच्या चौकातील रहदारी चुकवीत आत वळले, की गोंगाट हळूहळू मागे पडतो. सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीच्या आवारात जुनी झाडे आहेत, आणि त्यांच्या सावलीत पाऊल आपोआप मंद होते. १२ जून १९०५ रोजी नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी ही संस्था स्थापन केली. शेजारीच १९३० साली स्थापन झालेली गोखले अर्थशास्त्र संस्था आहे. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी पुणे शहराची घरोघर पाहणी करविली. पुढे केंद्राचे साहाय्य राज्यांस कोणत्या प्रमाणात वाटावे याचे जे सूत्र १९६९ साली ठरले, तेही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

गोखले गणिताचे शिक्षक. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक कित्येक शाळांतून चालले. १९०२ साली कलकत्त्यास वरिष्ठ कायदेमंडळात त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले, तेही एका अर्थी अंकगणितच होते. सरकारी तिजोरीत शिल्लक पडत होती आणि सरकार त्याबद्दल समाधान मानीत होते. गोखल्यांनी आकड्यांवरून दाखवून दिले, की दुष्काळाने गांजलेल्या रयतेकडून गरजेपेक्षा अधिक घेतल्याची ती खूण आहे. तेव्हा मिठावर मणामागे अडीच रुपये कर होता. १९०३ साली तो दोन रुपये, १९०५ साली दीड रुपया आणि १९०७ साली एक रुपया झाला. त्यांची शिकवण थोडक्यात अशी : पैसा कोणाकडून घेतला, कशाच्या नावाने घेतला आणि कशावर खर्च केला, हे तीन प्रश्न दर वर्षी विचारले पाहिजेत.

हेच तीन प्रश्न कोळशाच्या बाबतीत विचारून पाहू. आपला देश कोळशाच्या उत्पादनात जगात दुसरा आहे. २०२४-२५ साली हे उत्पादन १०० कोटी टनांपलीकडे गेले. २०१० साली केंद्र सरकारने दर टनास ५० रुपयांचा स्वच्छ ऊर्जा उपकर बसविला. कोळशाने हवा बिघडते, तेव्हा त्यातूनच निर्मळ ऊर्जेच्या संशोधनास पैसा मिळावा, असा हेतू सांगितला होता आणि तो उत्तम होता. उपकर वाढत वाढत २०१६ साली ४०० रुपयांवर गेला. विजेच्या एका युनिटास पाऊण किलोच्या आसपास कोळसा धरला, तर हे युनिटमागे सुमारे तीस पैसे होतात. म्हणजे मिठाप्रमाणेच हा करही कळत नकळत घरोघरच्या चुलीपर्यंत पोहोचला.

खर्चाच्या बाजूस काय दिसते? २०१०-११ ते २०१७-१८ या आठ वर्षांत उपकराचे सुमारे ८६,४४० कोटी रुपये जमले. त्यांतील सुमारे २९,६४५ कोटी त्यासाठी उभारलेल्या निधीत गेले आणि प्रत्यक्ष प्रकल्पांस सुमारे १५,९११ कोटी मिळाले. रुपयातील अठरा पैसे! २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तेव्हा उपकराचे नाव बदलले आणि राज्यांची तूट भरून काढण्याकडे तो लावला गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो रद्द झाला व कोळशावरील वस्तू व सेवा कर ५ वरून १८ टक्के करण्यात आला.

न्यायाने बोलावयाचे तर हा पैसा कोणी पळविला असे नव्हे. तो सरकारी कामीच लागला आणि राज्यांची नडही खरी होती. परंतु एकत्र कुटुंबात मुलींच्या शिक्षणासाठी म्हणून सर्वांकडून वर्गणी घेऊन कर्त्या पुरुषाने ती घराच्या डागडुजीस लावली, तर छप्पर गळावयाचे थांबेल, हे खरे. पण पुढच्या वर्षी त्याच्या शब्दावर वर्गणी कोण देईल?

शिवाय कोळसा हे वार्षिक पीक नव्हे. एकदा खणून जाळला की तो संपला. त्याचा पैसा म्हणजे वडिलार्जित जमीन विकून आलेला पैसा. वरोड्यास एकोणिसाव्या शतकात सरकारने स्वतः खाण चालविली आणि तिच्यासाठी वर्ध्याहून लोहमार्ग नेला. तेव्हापासून त्या भागातून कोळसा बाहेर जातो आहे. चंद्रपूरचे महाऔष्णिक वीजकेंद्र राज्यातील मोठ्या वीजकेंद्रांपैकी एक. त्याची वीज राज्याच्या जाळ्यातून आम्हां पुणेकरांपर्यंत येते, राख मात्र तिकडेच राहते. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चंद्रपूरची गणना केली. २०१५ च्या कायद्याने खाणींच्या प्रत्येक जिल्ह्यात खनिज प्रतिष्ठान स्थापण्याचे ठरले. जुन्या खाणपट्ट्यांनी स्वामित्वधनाच्या ३० टक्के इतकी जादा रक्कम त्यात भरावयाची, आणि किमान ६० टक्के खर्च पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण अशा कामांवर व्हावयाचा, असा मूळ दंडक होता. योजना चांगली आहे. तिची वही वाचणारे डोळे मात्र हवेत. ते केवळ चंद्रपूरकरांचे असावेत, हा न्याय नव्हे. ज्याच्या घरी दिवा लागतो, त्यानेही ती वही मागितली पाहिजे.

सायंकाळी घरी परतलो तेव्हा दिवेलागण झाली होती. भिंतीवरच्या तारेला टोचलेली विजेची जुनी बिले आम्ही काढली आणि मुलांस जवळ बोलावून गणित घातले : महिन्यास इतकी युनिटे, युनिटास तीस पैसे, तर २०१६ पासून आपल्या घराने किती दिले? उत्तर मुलांनी चटकन काढले. त्यानंतर धाकटीने विचारले, “मग त्याचे काय केले?” नामदार गोखल्यांचा तिसरा प्रश्न तिला कोणी शिकविला नव्हता.