पुराची रेघ

नाशिकमध्ये जलरंग हाती घेतलेल्या कुणालाही गोदाघाट चुकलेला नाही. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या वयात सर आम्हाला सकाळी सकाळी रामकुंडावर नेऊन बसवायचे आणि दिसेल ते काढा म्हणायचे. दिसायचं फार. नारोशंकराचं मंदिर, दुतोंड्या मारुती, छत्रीखाली बसलेले गुरुजी, धुणं आपटणाऱ्या बाया, बुधवार असला तर बाजाराची पालंसुद्धा. मी सगळं काढायचो. पुढे जी. डी. आर्ट करून आलो तरी तेच काढत राहिलो, आणि ते खपायचंही. बाहेरगावच्या माणसाला दिवाणखान्यात लावायला नाशिक हवं असतं.

अडचण निराळीच होती. चित्रकार शिवाजी तुपे यांनी हे घाट आणि वाडे इतके रंगवून ठेवलेत की आम्हा नाशिककरांना समोरचा घाटही त्यांच्याच नजरेतून दिसतो. ‘अगदी तुप्यांसारखं!’ असं कौतुक व्हायचं. सुरुवातीला छाती फुगायची. नंतर तेच वाक्य टोचायला लागलं.

सुटका केली ती दगडाने. घाटाचा दगड आपला सह्याद्रीचा काळा बेसाल्ट. ट्यूबमधला काळा लावला की तो मेल्यासारखा दिसतो. म्हणून मी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळायला लागलो. पुण्याच्या हातकागद संस्थेचा जाड, खरबरीत कागद घ्यायचा, तो भिजवून त्यावर हे मिश्रण सोडायचं आणि बोर्ड तिरका धरायचा. निळ्याचे कण एकमेकांना चिकटून कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात. तपकिरी वरून पसरत जातो. वाळल्यावर कागदावर दगडाचा रवा उमटतो, ब्रशने काढू म्हटलं तर निघणार नाही असा. त्यात माणसं घालावीशी वाटेनात. आधी बाया गेल्या, मग छत्र्या, मग कळस. उरल्या पायऱ्या, त्यांच्या सावल्या आणि पाणी.

4 ऑगस्ट 2019 ला मोठा पूर आला. नाशिकला पूर मोजायची जुनी रीत आहे : पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं की कमरेला, की गळ्याला, सरकारवाड्याच्या किती पायऱ्या बुडाल्या. त्या दिवशी मारुती बुडाला. पाणी ओसरल्यावर स्केचबुक घेऊन गेलो, तेव्हा दुकानदार गाळ उपसत होते आणि घाटालगतच्या भिंतींवर एक आडवी, सरळ, तपकिरी रेघ उरली होती. देऊळ, टपरी, वाडा, सगळ्यांवरून एकाच पातळीत गेलेली. इतकी निर्विकार रेघ मला आयुष्यात मारता आली नव्हती.

पायरीवरचा गाळ बाटलीत भरून आणला. पाण्यात ढवळायचा, जाड वाळू तळाला बसली की वरचं गढूळ पाणी फडक्यातून दुसऱ्या भांड्यात गाळायचं, ते एक-दोन दिवस निवळू द्यायचं. तळाशी लोण्यासारखी माती बसते. तिच्यात डिंकाचं पाणी खललं की रंग तयार. डिंक कमी पडला तर रंग वाळल्यावर हाताला लागतो, जास्त झाला तर तडकतो. प्रमाण हातालाच कळतं.

तेव्हापासून माझी चित्रं आडवी झाली. मातीचे पट्टे, एखादी रेघ, वर मोकळा कागद. त्याच सुमारास मुंबईत अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडेंची चित्रं प्रत्यक्ष बघितली. रंगाचे थर चढवून, पुन्हा खरवडून काढलेला तो पृष्ठभाग मी छापील पुस्तकांत अनेकदा पाहिला होता आणि त्यातलं काहीही पाहिलं नव्हतं, हे तिथे कळलं. त्यांचं मौन मला झेपणारं नाही. माझ्या चित्राला अजूनही गाव लागतं.

जुनी गिऱ्हाइकं मात्र तुटली. ‘यात नाशिक कुठंय हो?’ असं एकाने तोंडावर विचारलं. रंगच गोदावरीचा आहे म्हटलं तर ते हसले आणि पूर्वीचा एखादा घाट शिल्लक आहे का, ते विचारू लागले. होता, विकला. घर चालवायला लागतं.

शिकणारी मुलं प्रेरणेबद्दल विचारतात. मला तो शब्द जड जातो. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे : मोबाइलमधल्या फोटोवरून घाट काढू नका. पावसाळ्यात पाणी ओसरलं की दुसऱ्या दिवशी सकाळी, झाडलोट व्हायच्या आत तिथे जा. जाताना रिकामी बाटली न्या.