खिडकीपलीकडची माउली



सिल्लोडच्या एका पतसंस्थेत मी गेली २६ वर्षे नोकरी करतो आहे. गळ्यात माळ आहे, एकादशी चुकत नाही, रोज संध्याकाळी हरिपाठ होतो. ११ वर्षांपासून आळंदीहून माउलींच्या सोहळ्यात पायी चालतो. हे सगळे आधी सांगतो, कारण पुढे जे सांगायचे आहे ते याच माळकऱ्याच्या हातून घडले आहे. कीर्तनात बसून दुसऱ्याचे दोष ऐकणे सोपे असते. आपला दोष आपल्याच लोकांपुढे मांडणे जड जाते. तरी मांडतो, कारण तुमच्यापैकी कितीतरी जण माझ्यासारखेच कुठल्या ना कुठल्या खिडकीच्या आत बसलेले असतील.

आमच्या तालुक्यात कपाशी, मका आणि मिरची. शेतकऱ्याने हंगामाला जमवलेला पैसा आमच्याकडे ठेवीत येतो आणि मृगाच्या तोंडावर बियाण्या-खतासाठी परत जातो. त्यामुळे जून महिन्यात आमच्या खिडकीपुढे रांग लागते. त्याच महिन्यात माझे मन आळंदीकडे लागलेले असते. प्रस्थान किती तारखेला, दिंडीचे भिशीचे सामान कुणी घ्यायचे, रजा मंजूर झाली की नाही, हेच डोक्यात.

अशाच एका जूनमध्ये अजिंठ्याच्या डोंगराकडच्या एका गावाहून एक म्हातारी बाई आली. नवरा चैत्रात वारला होता. त्याच्या नावाची मुदत ठेव होती आणि तिला ती पेरणीसाठी मोडायची होती. मी पावती पाहिली आणि वर न बघता म्हणालो, "बाई, मृत्यूचा दाखला लागतो."

ती गेली. चार दिवसांनी ग्रामपंचायतीचा दाखला घेऊन आली. आता मी वारसाचे नाव तपासले. आमच्या नोंदीत आणि आधार कार्डावर तिच्या नावात एका अक्षराचा फरक होता. "नाव जुळत नाही. प्रतिज्ञापत्र करून आणा," एवढे बोललो आणि पुढच्याला हाक मारली. प्रतिज्ञापत्र म्हणजे काय, ते कुठे होते, त्यात काय लिहायचे, हे तिला ठाऊक असेल की नाही, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही. ती थोडा वेळ खिडकीशी उभी राहिली, मग बाजूला झाली.

तिसऱ्या वेळी ती प्रतिज्ञापत्र घेऊन आली, तेव्हा मी दोन फोटो आणि साक्षीदाराची सही मागितली. तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. आवाज चढलेला नव्हता. म्हणाली, "भाऊ, दर खेपेला एकेक सांगता. काय काय लागतं ते एकदाच सांगा ना. एसटीनं यायला सगळा दिवस जातो माझा."

मी उत्तर दिले, "नियम आहेत बाई, मी काय करू?"

नियम होतेच. पण सगळे नियम मला पहिल्याच दिवशी माहीत होते. चार ओळींचा कागद तिच्या हातात द्यायला मला दोन मिनिटे लागली असती.

शेवटी तिने सगळे कागद पुरे केले, तो माझा रजेआधीचा शेवटचा दिवस होता. व्यवस्थापकांची सही तेवढी राहिली होती आणि ते दोन दिवस बाहेरगावी होते. मी कागद माझ्या कपाटात ठेवले, किल्ली शेजारच्या तरुण सहकाऱ्याकडे दिली आणि जाता जाता म्हणालो, "ते ठेवीचं बघून घे रे." तो "हो" म्हणाला. मी घरी जाऊन पताका काढली.

त्या वर्षीची वारी फार गोड झाली. पाऊस वेळेवर होता. दिवे घाटात ढग खाली उतरले होते. वाटेत लहान मुलाला माउली म्हणत होतो, पाणी देणाऱ्याला माउली म्हणत होतो, धक्का लागला तर हात जोडून "माउली, माफ करा" म्हणत होतो. वीस दिवसांत माझ्या तोंडून कुणाला एक वाकडा शब्द गेला नाही. मला वाटले, वाणी शुद्ध झाली.

आषाढी करून परत आलो आणि सोमवारी कामावर गेलो. अकराच्या सुमारास ती बाई आली. मला पाहिले आणि कागदाचे काही विचारण्याआधी खिडकीच्या बाजूच्या दारातून आत येऊन माझ्या पायाला हात लावला. आपल्याकडे रीतच आहे, वारी करून आलेल्याच्या पायाला पंढरीची धूळ असते. "माउली, दर्शन झालं का? पाऊस होता का वाटेला?" असे विचारून तिने प्रसादासाठी हात पुढे केला.

मी खिशातून बुक्क्याची पुडी काढली. मग सहज विचारले, "तुमची ठेव मिळाली ना?"

"नाही ना. मी येऊन गेले मधी. साहेब वारीला गेलेत, आले की या, असं म्हणले. मग बियाणं उधारीनं उचललं. पेरणी थोडीच थांबती?"

वाचक माउली, त्या क्षणी माझ्या पायाखालची जमीन सरकली. वीस दिवस ज्याला त्याला माउली म्हणत चाललेला मी, चार खेपांत या बाईला एकदाही त्या नावाने हाक मारली नव्हती. माझी वारी चालली होती तेव्हा तिचे कागद माझ्या कपाटात होते. आणि तीच माझ्या पाया पडत होती.

पहिला राग निघाला तो सहकाऱ्यावर. त्याला सगळ्यांसमोर म्हणालो, "तुला सांगून गेलो होतो ना?" पोरगा शांतपणे म्हणाला, "काका, तुम्ही 'ते ठेवीचं' म्हणालात. कपाटात ठेवीच्या सोळा फायली होत्या. कोणती, कुणाची, काय राहिलंय, काहीच सांगितलं नाहीत." त्याचे बरोबर होते. माझ्या डोक्यात सगळे स्पष्ट होते, म्हणून मला वाटले की बोलण्यातही ते स्पष्ट आले. मी ते शब्दांत घातलेच नव्हते, आणि वर दोष त्याला दिला, तोही चारचौघांत.

त्या दिवशी दुपारपर्यंत सही झाली, बाईला पैसे मिळाले. उधारीवर दुकानदाराने जे जास्तीचे लावले होते, ते मी माझ्या खिशातून देऊ लागलो. तिने घेतले नाहीत. म्हणाली, "ते राहू द्या विठोबाच्या नावानं. पुढच्या बाईला तेवढं एकदाच सगळं सांगा."

रात्री झोप येईना, तेव्हा मला वारीतली समाजआरती आठवली. तुम्ही माउलींच्या सोहळ्यात चालला असाल तर ती पाहिली असेल. पालखी मुक्कामाला पोचते, सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा गजर टिपेला असतो. चोपदार दंड उंच करतात आणि एवढा मोठा समाज एका क्षणात शांत होतो. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती दिंडी टाळ थांबवत नाही. बाकी सगळे गप्प आणि तिचेच टाळ वाजत राहतात. मग चोपदार तिच्याकडे जातात, म्हणणे काय ते ऐकून घेतात, त्याचा निवाडा होतो. त्यानंतर हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची नावे पुकारली जातात, उद्या पालखी किती वाजता निघणार ते सांगितले जाते, आणि मग आरती.

हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला शिस्त लावली, तिला आता जवळजवळ दोन शतके होत आली. ११ वर्षे मी त्या रिंगणात हात जोडून उभा राहिलो आणि त्यात माझ्या कामाला लागणारे सगळे आहे, हे मला कधी दिसले नाही. बोलायची वेळ आली की बाकीच्यांनी थांबायचे. ज्याची तक्रार आहे त्याच्याकडे आपण चालत जायचे. आणि पांगण्याआधी पुढे काय, किती वाजता, हे सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगायचे. माझ्या खिडकीपुढे त्या बाईचे टाळ चार खेपा वाजत होते आणि मी पुढच्याला हाक मारत होतो.

मग ज्ञानेश्वरीचा सतरावा अध्याय काढला. गीतेने तिथे शरीराचे, वाणीचे आणि मनाचे अशी तीन तपे सांगितली आहेत. दुसऱ्याला न खुपणारे, खरे, गोड आणि हिताचे बोलणे हे वाणीचे तप. शरीराचे तप मला कळत होते. उपवास, पायी चालणे, थंड पाण्याची आंघोळ. वाणीचे तप म्हणजे मौन किंवा नामस्मरण, अशी माझी समजूत होती. माउली तिथे परिसाचा दृष्टांत देतात, की तो लोखंडाला न तोडता, न कापता सोने करतो. बोलणे तसे हवे. आणि आणखी एक दृष्टांत आहे: पाणी झाडासाठी सोडलेले असते, पण वाटेतले गवतही त्यावर जगते. एकाला सांगितलेले सगळ्यांच्या उपयोगी पडावे.

या दुसऱ्या दृष्टांतावर मी अडलो. मला ती बाई आठवली. तिला सांगायचे ते मी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावले असते, तर तिच्यामागे रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाचे काम झाले असते.

आपल्याच जिल्ह्यातली आणखी एक गोष्ट तेव्हापासून मला वेगळी दिसू लागली. नाथबाबा देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे हिशेबाचे काम बघत होते. एका पैची चूक शोधण्यासाठी ते रात्रभर बसले आणि ती सापडताच आनंदाने टाळी वाजवली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. कीर्तनात ही कथा एकाग्रतेसाठी येते, आणि ते योग्यच आहे. मला मात्र वाटले, नाथबाबाही कचेरीत बसलेले होते. त्याच नाथांनी पुढे एकीकडे भागवतावर टीका लिहिली, ती काशीत १५७३ साली पूर्ण केली. दुसरीकडे जोशी, वासुदेव, गोंधळी यांच्या तोंडी भारुडे घातली. समोर कोण बसले आहे ते पाहून त्यांनी भाषा निवडली. मी शेतकऱ्याच्या विधवेला "प्रतिज्ञापत्र" म्हणालो आणि माझे काम झाले असे मानले.

दुसऱ्या दिवसापासून काही गोष्टी बदलल्या. फार मोठ्या नाहीत. प्रत्येक कामाला लागणाऱ्या कागदांची यादी करून भिंतीला लावली. ज्याला वाचता येत नाही त्याला चिठ्ठीवर लिहून देतो, म्हणजे गावात कुणाकडून तरी तो वाचून घेईल. अवघड शब्द वापरावाच लागला तर पुढे सांगतो, "म्हणजे तहसीलजवळ जो कागद लिहून देतात तो." सांगून झाले की विचारतो, "आता मला सांगा बरं, काय काय आणणार?" पहिल्यांदा लोक हसायचे. पण दहातल्या चौघांचे काहीतरी ऐकायचे राहिलेले असते, ते तिथेच कळते. "नाही" म्हणावे लागले तर का नाही आणि मग काय करता येईल, ही दोन वाक्ये त्याच्यासोबत जातात. नुसते "नाही" खिडकीबाहेर जाऊ देत नाही.

सहकाऱ्यांसाठी एक वही ठेवली आहे. रजेवर जाताना तीत खातेदाराचे नाव, काय झाले, काय राहिले, कुणाची सही, कधीपर्यंत, हे लिहितो आणि समोर बसून वाचून दाखवतो. चूक दाखवायची तर बाजूला घेऊन दाखवतो. त्या पोराची मी सगळ्यांसमोर माफी मागितली, कारण बोललो होतो सगळ्यांसमोरच. आणि व्यवस्थापकांना वाईट बातमी आधी सांगायला शिकलो. पूर्वी काम अडकले की निस्तरेपर्यंत लपवत असे. अडकलेले काम लपवले की ते कुणाच्या तरी शेतात जाऊन उगवते.

रोज जमते असे नाही. मार्चअखेरीला अजूनही आवाज चढतो. मान खाली घालून बोलण्याची जुनी सवय मधूनच परत येते. तेव्हा गळ्यातल्या माळेला हात लावतो आणि मान वर करतो. समोरच्याचे डोळे दिसले की निम्मे बोलणे आपोआप सुधारते.

पुढच्या वर्षी वारीला निघण्याआधी वही लिहायला बसलो. सात कामे राहिलेली होती, ती लिहून वाचून दाखवता दाखवता संध्याकाळ झाली आणि आळंदीची माझी गाडी चुकली. दुसऱ्या दिवशीच्या गाडीने गेलो. प्रस्थान हुकले, पालखी पुण्यात गाठली. दिंडीतले म्हातारे विणेकरी म्हणाले, "एवढा उशीर?" मी कारण सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, टाळ माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "चला माउली, तुमची वारी सिल्लोडहूनच सुरू झाली म्हणायची."

॥ राम कृष्ण हरी ॥