काढून ठेवलेला वजीर

आमच्या घरीं चातुर्मास अद्याप नुसता पंचांगापुरता उरलेला नाहीं. कांदेनवमीला भजीं होतात, थालीपिठें होतात, आणि दोन दिवसांनीं एकादशी उजाडली कीं सदाशिव पेठेंतील आमच्या स्वयंपाकघरांतून कांदा, लसूण आणि वांगें हें त्रिकूट चार महिन्यांच्या वनवासास निघतें. आमच्या कुटुंबाचा हा नेम चाळीस वर्षांत एकदांहि मोडलेला आम्हांस ठाऊक नाहीं. आमचा मात्र बहुधा भाद्रपद उलटण्यापूर्वींच कोठें तरी बाहेरच्या भज्यांपुढें मान टाकतो. यंदां एकादशीच्या दिवशीं साबूदाण्याची खिचडी खातांना जो तो आपापला नेम सांगत असतां आमची चौदा वर्षांची नात म्हणाली, "आजोबा, मीहि एक नेम धरला आहे. चार महिने गेममध्यें धनुष्यबाण वापरायचा नाहीं."

मंडळी हंसली. "त्यापेक्षां तो खेळच चार महिने बंद ठेवण्याचा नेम धर कीं!" असें तिच्या आजीनें सुचविलें. नात मात्र हंसली नाहीं. बँकेंत छत्तीस वर्षें नोकरी करून निवृत्त झाल्यामुळें आमच्यापाशीं आतां वेळेचा तोटा नाहीं. तेव्हां हा कसला नेम तें पाहावें म्हणून आम्ही त्या दुपारीं खुर्ची ओढून तिच्या संगणकाशेजारीं जाऊन बसलों, आणि वाचकांपासून लपविण्यांत अर्थ नाहीं, पुढें आठ दिवस तेथून फारसे उठलों नाहीं.

त्या खेळाचें नांव 'स्कायरिम'. अमेरिकेंतील बेथेस्डा या संस्थेनें तो २०११ च्या नोव्हेंबरांत प्रसिद्ध केला. खेळाच्या आरंभीं आपण वधस्तंभाकडे नेला जाणारा एक कैदी असतों. आकाशांतून पंखांचा अजगर येतो, धांदल उडते, आपण निसटतों, आणि मग एक संबंध बर्फाळ प्रांत आपल्यापुढें मोकळा पसरतो. तलवार धरावी, मंत्र शिकावे, चोऱ्या कराव्या, नाहीं तर कांहींच न करतां डोंगरांतून औषधी वनस्पति गोळा करीत हिंडावें. जगावर मोठें संकट आहे असें सर्वजण सांगत असतात. परंतु आपण त्या संकटाकडे महिनाभर पाठ फिरविली तरी तें बिचारें वाट पाहत थांबतें. अशा खेळांना मुक्त जगाचे खेळ म्हणतात.

या मुक्तपणांतच त्यांच्या कर्त्यांची खरी अडचण आहे. आमच्या पुण्यांतच तयार झालेला 'राजी' नांवाचा खेळ २०२० मध्यें निघाला. नॉडिंग हेड्स गेम्स ही त्याची कर्ती संस्था. राक्षसांनीं पळविलेल्या धाकट्या भावाचा शोध घेणाऱ्या मुलीची ती कथा. तिची वाट आंखलेली आहे. त्यामुळें त्रिशूळ केव्हां हातीं यावा, धनुष्य केव्हां मिळावें आणि त्या वेळीं समोर केवढा राक्षस उभा असावा, हें कर्त्यांना तोलून मापून ठरवितां येतें. तें कीर्तन आहे. बुवांना पूर्वरंग कोठें संपतो तें ठाऊक असतें. मुक्त जगाचा खेळ म्हणजे जत्रा. कोण कोणत्या वाटेनें आंत शिरेल आणि प्रथम कोठें जाईल, हें जत्रा भरविणाऱ्यास कसें कळावें? एखादा खेळाडू पहिल्याच दिवशीं बलाढ्य शत्रूच्या गुहेंत जाऊन मरतो, आणि दुसरा शंभर तास बळ सांठवून त्याच गुहेंत असा शिरतो कीं, शत्रूचा प्राण त्याच्या नुसत्या धक्क्यानें जातो.

यावर कर्त्यांनीं नाना उपाय योजिले. बेथेस्डाच्याच २००६ च्या 'ऑब्लिव्हियन' मध्यें नायकाबरोबर त्याचे शत्रूहि वाढत. तेथें रस्त्यावर शंभर मोहरा मागणारा वाटमाऱ्या भेटतो. आपली बरीच बढती झाल्यावर पाहावें तों तोच वाटमाऱ्या हजारों मोहरांचें चिलखत घालून अजून तेच शंभर मागत उभा! निन्टेन्डोच्या २०१७ च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' मध्यें बहुतेक शस्त्रें थोड्याच वापरांत मोडतात, म्हणून कोणत्याहि एका तलवारीचा माज चढत नाहीं. २०२२ च्या 'एल्डन रिंग' मध्यें नायकाची हुबेहूब प्रतिकृति मदतीस उभी करणारी एक सिद्धि इतकी प्रबळ ठरली कीं, खेळ निघाल्यावर महिनाभरांतच कर्त्यांनीं तिचें बळ कमी केलें. एवढें करूनहि कोठें तरी फट राहतेच. स्कायरिममध्यें दबा धरून बाण मारणें इतकें फायद्याचें आहे कीं, निघतांना मंत्रविद्येची शपथ घेतलेला मनुष्यहि अखेर अंधारांत बसून बाण सोडूं लागतो, अशी त्या खेळाची थट्टाच होऊन बसली आहे. नातीनें धनुष्य वर्ज्य केलें तें याचसाठीं. जें कर्त्यांना साधलें नाहीं तें ती आपल्यापुरतें साधूं पाहत होती.

आम्हीं मात्र नेमका उलट मार्ग धरला. तिच्या संगणकावर आम्हीं आमचाहि एक नायक निर्माण केला. पहिले दोन दिवस मोठ्या कष्टाचे व मोठ्या सुखाचे गेले. राक्षसांच्या तळाजवळून जातांना आम्ही खुर्चींत बसल्या जागीं श्वास रोखून धरीत असूं. तिसऱ्या दिवशीं नातीच्या एका मित्रानें आम्हांला त्या खेळांतील एक फट दाखविली. एक विशिष्ट काढा प्यावा. तो अंगांत आहे तोंवर मंतरलेली अंगठी काढून पुन्हां घातली कीं तिचें बळ वाढतें. त्या बळावर आणखी जोरकस काढा बनतो. तो पिऊन पुन्हां अंगठी. जन्मभर चक्रवाढ व्याजाचीं कोष्टकें तपासलेल्या माणसाला याहून गोड मोह कोणता असणार? तासाभरांत आमच्या तलवारीचा आंकडा पडद्यावर मावेना. सायंकाळीं आम्हीं एक पंखांचा अजगर एका घावांत लोळविला आणि घरांतील सर्वांना तो पाहावयास बोलाविलें.

दुसऱ्या दिवशीं आणखी तीन अजगर लोळविले; पाहावयास कोणी आलें नाहीं. त्याच्या पुढच्या दिवशीं आमच्या लक्षांत आलें कीं, आपण आतां डोंगराकडे पाहत नाहीं, वाटेंतील झाडांकडे पाहत नाहीं, रात्र झाली कीं दिवस आहे हेंहि पाहत नाहीं. भीति गेली तिच्याबरोबर तो सारा मुलूखच गेला होता. उरला होता तो केवळ एक लांबच लांब रस्ता, आणि त्यावर आमच्या हातून मरण्यासाठीं उभीं असलेलीं माणसें.

नातीचें तसें नव्हतें. ढाल आणि कुऱ्हाड घेऊन ती रडतखडत पुढें जात होती. एके रात्रीं एक अजगर डोंगराच्या माथ्यावर घिरट्या घालीत राहिला. खालीं उतरेना आणि कुऱ्हाड वर पोंचेना. सकाळीं चहाच्या वेळीं ती हळूच म्हणाली, "आजोबा, काल नेम मोडला. तीन बाण मारले." तें कोणीं पाहिलें नव्हतें. आम्ही दहालाच झोंपलों होतों. मग तिनें तीन दिवसांपूर्वींची नोंद उघडली आणि तेवढा सारा प्रवास पुन्हां आरंभिला. आम्ही म्हणालों, "अग, कोणाला कळणार होतें?" ती पडद्यावरची नजर न काढतां म्हणाली, "मग तो नेम कसला, आजोबा?"

या प्रश्नानें आम्हांला एकदम नारायण पेठेंतील आमच्या जुन्या बिऱ्हाडांत नेऊन बसविलें. १९६३ सालीं आम्ही दहा वर्षांचे होतों. वडील शाळेंत शिक्षक. १९६१ च्या पानशेतच्या पुरांत भिजून फुगलेला एक बुद्धिबळाचा पट आमच्याकडे होता. वाहून गेलेल्या एका उंटाच्या जागीं आम्ही सुपारी ठेवीत असूं. दर रविवारीं वडील समोर बसत आणि मोहरीं मांडून झालीं कीं आपला वजीर उचलून पटाबाहेर, आपल्या गुडघ्याजवळ ठेवीत. गल्लींतल्या खेळांत लहान भावाला लिंबूटिंबू म्हणून घेतात तसें हें नव्हतें. लिंबूटिंबूवर राज्य येत नाहीं. आमच्यावर मात येत असे, आणि ती खरीखुरी येत असे. शिवाय कित्येकदां हातांत आलेली मात सोडून वडील एखादें प्यादें हळूहळू पुढें ढकलीत. आम्हांला तो छळ वाटे. आपल्या जुन्या देशी बुद्धिबळांत प्यादेमात ही सर्वांत मानाची, आणि सारीं मोहरीं मारून मिळविलेली बुर्जी हलकी, हें आम्हांस पुढें कळलें. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत बुद्धिबळग्रंथाचें इंग्रजी रूप १८१४ सालीं, पेशवाई मावळण्यास चार वर्षें उरलीं असतां, मुंबईस छापलें गेलें. त्यांतहि प्याद्यानें मात करण्याचीं कोडीं आहेत. वजीर काढणें ही आमच्यासाठीं केलेली सवलत होती. प्याद्याची अट वडिलांनीं स्वतःच्या खेळासाठीं घातलेली होती.

१९९७ सालीं त्यांचा उजवा हात अर्धांगानें गेला. बोलणें थोड्या दिवसांत सुधारलें, पण डाव लक्षांत राहीना. रविवारचा पट आम्हींच पुन्हां सुरूं केला. ते डाव्या हातानें मोहरें उचलीत, मध्येंच थांबत, आणि कोणाची खेळी तें विसरत. आम्हीं मनाशीं ठरविलें कीं, यांना जिंकूं द्यावयाचें. कधीं घोडा उघडा टाकावा, कधीं हत्तीकडे दुर्लक्ष करावें. दोन रविवार ते जिंकले. तिसऱ्या रविवारीं आम्हीं वजीर त्यांच्या उंटाच्या मुखीं दिला. त्यांनीं तो मारला नाहीं. बराच वेळ ते पटाकडे पाहत राहिले आणि मग अडखळत म्हणाले, "वजीर द्यायचा असेल तर आधीं बाहेर काढून ठेव. पटावर ठेवून असा मारवूं नकोस."

आम्हांला इतकी लाज क्वचितच वाटली असेल. आम्हीं दया केली होती, आणि ती त्यांना न सांगतां केली होती. आज पाहूं जातां खेळांच्या धंद्यांतहि हीच युक्ति चालते. २००५ च्या 'रेझिडेंट ईव्हिल ४' या खेळांत खेळाडू वरचेवर मरूं लागला कीं शत्रू गुपचूप सौम्य होतात, आणि खेळाडूस तें सांगितलें जात नाहीं. मनोरंजनासाठीं पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाची समजूत अशी घालणें कदाचित् योग्यहि असेल. परंतु बापाची समजूत अशी घालूं नये. उघडपणें काढून ठेवलेला वजीर म्हणतो, "तुम्ही आणि मी आज येथें आहों, आतां खरें खेळूं." चोरून दिलेला वजीर म्हणतो, "तुम्ही आतां खेळांत नाहींच." मर्यादा कोणती घातली यापेक्षां ती डावापूर्वीं आणि उघडपणें घातली कीं नाहीं, यावर खेळ खेळ राहतो कीं नाटक होतो तें अवलंबून असतें. स्वतःशींच खेळतांनाहि तेंच. फरक एवढाच कीं, तेथें फसविणारा आणि फसणारा हे एकाच खुर्चींत बसलेले असतात.

पुढच्या रविवारीं आम्हीं मोहरीं मांडलीं, आमचा वजीर उचलला आणि तो त्यांना दिसेल असा आमच्या गुडघ्याजवळ ठेवला. वडिलांनीं मान हलविली. त्या दिवशीं ते मन लावून, सावकाश, तासभर खेळले, आणि हरले. हरल्यावर कित्येक आठवड्यांनीं प्रथमच मोकळेपणानें हंसले आणि म्हणाले, "पुढच्या वेळीं एक हत्तीहि काढ." तो हत्ती आम्हीं पुढें वर्षभर काढीत होतों. शेवटीं शेवटीं तर आम्ही निम्म्या सैन्यानिशीं खेळत असूं. पण जें पटावर असे तें मनापासून लढे. त्यांनीं दोनदां आम्हांस खरोखर हरविलें. तो आनंद आम्हीं त्यांना दिलेला नव्हता. त्यांनीं तो मिळविला होता.

नातीला ही हकीगत सांगितली. तिनें ती ऐकून घेतली आणि विचारलें, "मग तुमच्या त्या हिरोचं काय करायचं?" तो अजिंक्य वीर आम्हीं तिच्याच हातून पुसून टाकविला. आतां आमचा दुसरा नायक आहे. काढे करावयाचे नाहींत आणि मंतरलेली अंगठी घालावयाची नाहीं, असा आमचाहि नेम आहे, आणि तो सर्वांच्या देखत जेवणाच्या पंगतींत सांगितलेला आहे. काल एका साध्या लांडग्यानें आम्हांस दोनदां मारलें. कुटुंबानें पानें वाढल्याची तिसरी हांक मारली तेव्हां आम्ही एका खडकामागें श्वास रोखून बसलों होतों. "उठतां ना?" असें त्यांनीं दारांतून विचारलें. नातीनेंच परस्पर उत्तर दिलें, "आजी, जरा थांब. आज आजोबांना भीति वाटते आहे."